एक ब्रास वाळू

महाराष्ट्रात बांधकामाची वाळू ब्रासवर विकली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, मेट्रिक मापात २.८३ घनमीटर. गिलाव्याची किंवा फरशीची मजुरी ठरवताना हाच शब्द १०० चौरस फुटांसाठी वापरतात, पण गवंड्याचा त्यात कधी घोटाळा होत नाही. समोर ढीग आहे की भिंत, यावरून कोणता ब्रास ते कळते. खडी, ग्रिट, मुरूम, डबर हेही ब्रासवर. विटा हजारावर, सिमेंट गोणीवर, लोखंड किलोवर, सागवान घनफुटावर. इतकी मापे एका फोनवर सांभाळणाऱ्या माणसाला गावात 'सप्लायर' म्हणतात. रस्त्याकडेचा मोकळा प्लॉट, पत्र्याची शेड, एक टेबल आणि दारात उभा टिपर एवढेच त्याचे दुकान. खिळे, बाइंडिंग वायर, नळाचे फिटिंग यांसाठी शेजारी हार्डवेअरवाला असतो, लाकूड-प्लायवूडसाठी वखार. वखारी पुष्कळ ठिकाणी कच्छी पटेल मंडळींच्या. पुण्यातला भवानी पेठेचा टिंबर मार्केटचा भाग किंवा मुंबईतली नागदेवी स्ट्रीट आणि लोहार चाळ ही याच व्यापाराची दाट वस्ती.

याच्या अगदी उलट टोकाला अमेरिकेतले गोदामाएवढे दुकान आहे. बर्नी मार्कस आणि आर्थर ब्लँक या दोघांना आधीच्या हार्डवेअर साखळीतून काढून टाकले गेले आणि त्यांनी १९७८ मध्ये होम डेपो ही कंपनी काढली. पहिली दुकाने १९७९ मध्ये अटलांटात उघडली. आज अशी २,३०० हून अधिक दुकाने आहेत आणि एकेक दुकान सरासरी लाखभर चौरस फुटांचे आहे. प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी असते, घासाघीस नसते आणि उरलेला माल परत घेतला जातो. न्यू जर्सीत राहणारे मराठी कुटुंब घरामागचा लाकडी डेक शनिवार-रविवारी स्वतः दुरुस्त करते ते या दुकानाच्या भरवशावर.

हे दुकान तिकडे चालते, कारण तिकडचे घर लाकडाच्या सांगाड्याचे असते. पट्ट्या, प्लायवूड, जिप्समचे तक्ते हे हलके, सुटे, गाडीच्या मागे टाकून नेण्याजोगे सामान. मजूर महाग असल्यामुळे घरमालक हातोडा स्वतःच उचलतो. ज्या देशात माणसे कामाला मिळतात तिथे हा नमुना रुजला नाही. होम डेपोने २००६ मध्ये चीनमधली १२ दुकानांची एक साखळी विकत घेतली आणि २०१२ मध्ये उरलेली सातही मोठी दुकाने बंद केली. तिथला ग्राहक स्वतः काम करणारा नव्हता, करवून घेणारा होता. भारतात फ्यूचर समूहाच्या होमटाऊनने घरबांधणीचे सामान एका छताखाली आणण्याचा प्रयत्न केला. पुढे त्याची ओळख उरली ती मुख्यतः फर्निचरची.

इथल्या घराचे वजन पाहिले की कारण उघड होते. ५०० चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब १ : १½ : ३ या प्रमाणात घालायचा तर सुमारे ४७ गोणी सिमेंट, पाऊण ते एक ब्रास वाळू आणि पावणेदोन ब्रास खडी लागते. पाणी आणि लोखंड सोडून हे सामान जवळजवळ १४ टन भरते. यातला बहुतेक भार वाळू-खडीचा. ती किमतीच्या मानाने इतकी जड, की खाणीपासून जितकी लांब न्यावी तितके भाडे मालाच्या मोलाला गाठू लागते. वातानुकूलित दुकानात तिला जागाच नाही. शिवाय स्लॅब एका दमात घालावा लागतो. दुपारी चारला खडी संपली आणि तासाभरात आली नाही, तर आधीचे काँक्रीट आळते, नव्या-जुन्याच्या मध्ये सांधा राहतो आणि पावसाळ्यात तिथूनच पाणी उतरते. त्या तासाभरात फोन उचलून अर्धा ब्रास खडी पाठवणारा माणूस, हाच स्थानिक सप्लायरचा खरा माल. वाळू आणि सिमेंट त्याच्याबरोबर येते, असे म्हटले तरी चालेल.

आता ब्रासकडे. साइटवर टिपर आला की मुकादम टेप घेऊन हौद्यावर चढतो. हौद्याची लांबी-रुंदी आणि मालाची उंची यांचा गुणाकार भागिले १०० म्हणजे ब्रास. उंचीसाठी सळई मालात चार ठिकाणी खुपसून सरासरी काढतात. १४ फूट लांब, ७ फूट रुंद हौद्यात माल चार फूट भरला तर ३९२ घनफूट, म्हणजे चार ब्रासला थोडा कमी. उंची फक्त तीन इंच कमी भरली तरी पाव ब्रास गेला. ड्रायव्हरचे उत्तर ठरलेले असते : "माल बसला." ते नेहमीच खोटे नसते. खड्ड्यांच्या रस्त्यावर हादरे खात आलेली वाळू खरोखरच दबते.

याहून मोठी गंमत ओलाव्याची आहे. वाळू दमट झाली की कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो, तो कणांना एकमेकांपासून लांब ठेवतो आणि ढीग फुगतो. पाच टक्क्यांच्या आसपास ओलावा असेल तर मध्यम वाळूचे आकारमान सुमारे २५ टक्क्यांनी वाढते. बारीक वाळू आणखी फुगते. असा चार ब्रासचा टिपर प्रत्यक्षात ३.२ ब्रासच कोरडी वाळू आणतो. उलट वाळू पाण्यात पुरती बुडवली तर पापुद्रे मोडतात आणि ती पुन्हा कोरडीइतकीच जागा घेते. या विचित्र वागण्यावरच साइटवरची तपासणी उभी आहे. सरळ भिंतीच्या भांड्यात दमट वाळू भरून उंची मोजायची, समजा २०० मिलिमीटर. ती बाहेर काढून भांडे निम्मे पाण्याने भरायचे, वाळू परत टाकून ढवळायची आणि बसू द्यायची. उंची १६० वर आली, तर ४० भागिले १६०, म्हणजे फुगवटा २५ टक्के. एक बादली आणि एक फूटपट्टी पुरते. तरी घर बांधणारा हे क्वचितच करतो, आणि याचे आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही, कारण नळाच्या किमतीवर तोच माणूस अर्धा तास घासाघीस करतो.

फुगलेल्या वाळूचा फटका बिलापुरता राहत नाही. घमेल्याने मोजून काँक्रीट कालवले की घमेल्यातही तीच चूक शिरते; वाळू कमी पडते, माल खरखरीत होतो आणि ठरल्याहून जास्त गोण्या फुटतात. वजनावर घेतली तर पाच टक्के ओलाव्याची वाळू पाच टक्क्यांनीच फसवते. रेडीमिक्सचे कारखाने वाळू वजनावर घेतात ते यामुळेच. ओल्या वाळूचा दोष मात्र सगळा सप्लायरच्या माथी मारता येत नाही. वाळू धुतल्याशिवाय चालत नाही आणि धुतलेली वाळू ओलीच असते. अनेकदा त्यानेही ती ब्रासवरच घेतलेली असते.

मापातली अशी फट मोठ्या दुकानातही असते, फक्त ती छापील असते. अमेरिकेत 'टू-बाय-फोर' म्हणून विकली जाणारी पट्टी प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच भरते. करवतून, वाळवून, रंधून उरलेले ते माप, आणि ते देशभर एकच. हौद्यातल्या उंचीसारखे ते रोज बदलत नाही. इथे लोखंडाची गोष्ट अधेमधे बसते. सळईचे मीटरमागे वजन काढण्यासाठी व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र प्रत्येक मिस्त्रीला पाठ असते. १२ मिलिमीटरची, १२ मीटर लांबीची सळई त्या हिशोबाने साधारण १०.६६ किलो भरायला हवी, आणि भारतीय मानक या जाडीला पाच टक्क्यांचा कमी-जास्तपणा मान्य करते. नग मोजून सूत्राच्या वजनाचे पैसे दिले आणि सळई हलकी निघाली, तर फरक गिऱ्हाइकाच्या खिशातून गेला. काट्यावर घेतली तर तो वाचतो.

सप्लायरच्या दुसऱ्या बळाचे नाव उधारी. ठेकेदाराला मालकाकडून पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात : जोत्याला, स्लॅबला, गिलाव्याला. माल मात्र आधी लागतो आणि मजुरांचा पगार आठवड्याला द्यावा लागतो. मधली पोकळी सप्लायरची वही भरून काढते. तारण काहीच नसते. याचे आधीचे काम कुठे झाले आणि पैसे वेळेवर आले का, एवढीच चौकशी. या पतीचे व्याज वेगळे लिहिले जात नाही, ते ब्रासच्या भावात मिसळलेले असते. म्हणून रोख देणाऱ्याने रोखीचा भाव वेगळा विचारावा. चुकाऱ्याला खंड पडला की हीच वही साखळीतल्या सगळ्यांना ओढते : मालक थकला की ठेकेदार, ठेकेदार थकला की सप्लायर.

पक्के बिल ही आणखी एक अडचण. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तरी स्वतःचे घर बांधणाऱ्याला भरलेल्या कराची वजावट मिळत नाही आणि कच्च्या पावतीचा मोह उरतोच. ती घेतली की गोणी गड्ड्यांची निघाल्यावर तक्रारीला आधार राहत नाही. सल्लाही असाच बिलाबाहेर राहतो : रंगाच्या डब्यात आणि पुट्टीच्या गोणीत रंगाऱ्याला पैसे मिळवून देणारे टोकन असते. कोणता माल चांगला, या सल्ल्यात ते किती बोलते, हे घरमालकाला दिसत नाही. या बाबतीत किमतीची चिठ्ठी लावलेले दुकान सरळ आहे. मोठ्या कंपन्यांनी मात्र दुकानदाराला हटवण्यापेक्षा त्याच्यावर आपली पाटी लावणे पसंत केले. अल्ट्राटेकची 'बिल्डिंग सोल्युशन्स' दुकाने गावोगावच्या विक्रेत्यांचीच आहेत. खुद्द होम डेपोने २०२४ मध्ये एसआरएस ही छताचे सामान थेट साइटवर पोचवणारी कंपनी सव्वाअठरा अब्ज डॉलरला घेतली.

वाळूचा पुरवठा हे सर्वांत अवघड दुखणे. नदीतला उपसा, लिलाव, रॉयल्टीचा पास आणि रात्रीची चोरटी वाहतूक यांत भाव कुठल्या कुठे जातो. राज्य सरकारने २०२३ मध्ये वाळूविक्रीचे डेपो उघडून ब्रासला ६०० रुपये, म्हणजे टनाला १३३ रुपये, असा दर ठरवला, वाहतूक ग्राहकाची. ६०० ला १३३ ने भागले की ब्रासचे वजन साडेचार टन निघते. ते कोरड्या वाळूचे वजन, आणि नदीतली वाळू ओली. २०२५ च्या धोरणात डेपो मागे पडले, लिलाव परत आले आणि सरकारी कामांत क्रश सँडचा आग्रह वाढला. सह्याद्रीच्या काळ्या दगडाची ही वाळू नदीवर अवलंबून नाही. तिच्यात भुकटी जास्त असते. भारतीय मानक नैसर्गिक वाळूत ३ टक्के बारीक कण चालवते, तर दळलेल्या वाळूत १५ टक्क्यांपर्यंत. दमट झाली की तीही फुगते. क्रशरवरून निघताना तिचा टिपर बहुधा वजनकाट्यावर चढतो आणि टनांत नोंदला जातो. साइटच्या फाटकाशी मुकादम टेप घेऊन हौद्यावर चढेपर्यंत तिचे पुन्हा ब्रास झालेले असतात.