ओढगाडीचे घर बांधण्याआधी चासी पारखा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील आमच्या ओळखीच्या काही तरुणांच्या डोक्यात सध्या एक नवी कल्पना घोळत आहे. मोटारीमागे जोडून न्यायची, पाण्याच्या थेंबाच्या आकाराची लहानशी गाडी घरीच बनवायची. आत दोन माणसे झोपतील एवढी गादी, आणि मागचे झाकण वर उचलले की स्वयंपाकाचा ओटा. ही मूळ अमेरिकेतील चीज. तेथे १९३० च्या दशकात लोकांनी अशा गाड्या घरच्या घरी ठोकायला सुरुवात केली. माप बहुधा ८ बाय ४ फूट, कारण प्लायचे अख्खे शीट तेवढेच असते. आपल्याकडे जुन्नरला २०१८ मध्ये पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले गेले, २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यामुळे पोरांच्या मनात या धंद्याचे विचार येणे साहजिक आहे.

आम्ही कापडवाले. चासी, ॲक्सल आणि पाटे यांच्याशी आमचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. जुन्नरचा रविवारचा बाजार उरकून बेल्ह्याचा सोमवारचा गाठायचा, त्यानंतर ओतूर, घोडेगाव, मंचर, असे आमचे आयुष्य गेले. बाजाराच्या आदल्या रात्री गाठोड्यांवर आडवे होणे आता शहाणपणाचे राहिलेले नाही. हा तालुका बिबट्यांचा आहे, हे सर्व जाणतात. तेव्हा बंद दाराची झोपायची जागा आणि त्याच गाडीत पंधरा-वीस थाने, ही सोय छोट्या व्यापाऱ्याला हवीच आहे. आमचा पुतण्याही याच नादात आहे. पण तो आणि त्याचे दोस्त बोलतात ते खिडकीविषयी, दिव्यांविषयी, रंगाविषयी. ज्यावर हे सारे उभे राहायचे त्या चासीविषयी विचारले की उत्तर येते, "चाचा, ती तर भंगारात स्वस्तात मिळतेय."

या स्वस्ताईने आमच्या घराचे एकदा नुकसान केले आहे, म्हणून हा लेख.

२०१७ च्या पावसाळ्यात आम्ही माल नेण्यासाठी जीपमागे एक ट्रॉली जोडली होती. तिची चासी म्हणजे ऊस वाहणाऱ्या बैलांच्या टायरगाडीचा साटा. एका कारागिराने त्याला दांडा जोडून दिला. विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन्ही साखर कारखान्यांमुळे अशा गाड्या आपल्या भागात भरपूर दिसतात आणि जुन्या झाल्या की सहज मिळतात. आम्हांला ती फार मजबूत वाटली. मजबूत ती होतीच, पण बैलांच्या चालीसाठी. तिला पाटे नसतात, ॲक्सल सरळ साट्यालाच जडवलेला असतो, आणि बेअरिंगला ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरची सवय नसते. ओतूरहून मढकडे जाताना उजव्या बाजूचे बेअरिंग तापून जाम झाले आणि चाक निखळले. ट्रॉली कलंडली, गठ्ठे भाताच्या खाचरात गेले. अल्लाहचा करम की समोरून कोणी येत नव्हते. भिजलेले कापड आम्ही निम्म्या भावात काढले. विमा कंपनीकडे गेलो तर त्यांनी सरळ सांगितले की विमा जीपचा आहे, ट्रॉलीचा नाही, आणि ट्रॉलीला तर नंबरच नाही. त्यांचे म्हणणे खरे होते. रस्त्यावरचा एखादा माणूस त्या चाकाखाली आला असता तर भरपाईपायी आमचे दुकान आणि घर दोन्ही विकावे लागले असते, ही गोष्ट आम्हांला त्या रात्री कळली.

म्हणून चासी निवडताना पहिली पारख लोखंडाची नव्हे, कागदाची. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे मोटारीमागे ओढली जाणारी गाडी, म्हणजे ट्रेलर, हे स्वतंत्र वाहन आहे. कलम ६१ नुसार इतर वाहनांप्रमाणेच त्याचीही नोंदणी लागते. त्याच कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने वाहनात करू नये. भंगारातल्या मोटारीचा ॲक्सल घेतला तरी त्या मोटारीचा नंबर ॲक्सलबरोबर येत नाही. आणि घरी वेल्डिंग केलेली चासी आरटीओत नेली की पहिला प्रश्न येतो, बनवणारा कोण आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचा दाखला कोठे? अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे, परंतु एका गाडीसाठी तिच्या दारात जाणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नाही. त्यापेक्षा मान्यता असलेल्या कारखानदाराची, कागदासह मिळणारी लहान ट्रेलर-चासी घ्यावी आणि तिच्यावर काय बांधणार याचे रेखाचित्र आधी आरटीओला दाखवावे. जुन्नर-आंबेगावकरांचे कार्यालय पिंपरी-चिंचवडचे, एमएच १४. एक फेरी पडेल, पण पुढच्या दहा फेऱ्या वाचतील. ट्रेलरचा विमाही पॉलिसीत वेगळा लिहून घ्यावा.

व्याजाचे कर्ज नको म्हणून आपल्यातील पुष्कळ लोक नवी चीज टाळून जुन्या सामानावर भागवतात. नियत पाक आहे, तिला आम्ही नावे ठेवत नाही. अशा वेळी जुनी पण नोंदणी झालेली ट्रेलर घ्यावी आणि ती रीतसर आपल्या नावावर करून घ्यावी. कागद नसलेली चासी कितीही स्वस्त मिळाली तरी ती स्वस्त नसते.

आता वजनाकडे येऊ. येथे पोरांचा अंदाज हमखास चुकतो. "चाचा, गाडी अगदी हलकी आहे," असे म्हणतात. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ८ बाय ४ च्या चौकटीला आडव्या पट्ट्या आणि पुढचा दांडा धरून सुमारे १४ मीटर लोखंड लागते. ७५ मिलिमीटरचा चॅनेल मीटरला ७ किलोच्या आसपास भरतो, म्हणजे ९८ किलो. ॲक्सल, पाटे आणि चाके मिळून १०० धरा. १२ मिलिमीटर प्लायचे एक शीट २० ते २५ किलोचे, अशी पाच शीटे म्हणजे ११५. गादी, स्टेपनी, बॅटरी, भांडी, शेगडी, २० लिटर पाण्याचा कॅन मिळून ९० तरी होतातच. झाले ४०० किलो. हे रिकामे घर. आता आमचा माल. १२० जीएसएमचे, ५८ इंची पन्ह्याचे १०० मीटरचे एक थान साडेसतरा किलोच्या घरात जाते. वीस थाने म्हणजे ३५० किलो. एकूण साडेसातशे!

हा आकडा टायरशी ताडून पाहा. टायरच्या बाजूला मापाच्या शेजारी एक अंक छापलेला असतो. तो ६९ असेल तर त्या टायरची ताकद ३२५ किलो, ७४ असेल तर ३७५ किलो. म्हणजे ६९ च्या दोन टायरांवर आमची गाडी शंभर किलो जास्त भरते आणि ७४ च्या दोन टायरांवर अगदी काठावर येते. खड्ड्यात आपटले की काठावरचे वजन काठावर राहत नाही. आमच्या मते ॲक्सल, बेअरिंग आणि टायर हे भरलेल्या वजनापेक्षा चौथाईने तरी जास्त झेपणारे असावेत. पाटे मात्र भलते कडक नकोत. ट्रकचे जाड पाटे बसवले तर हलकी गाडी चेंडूसारखी उडते आणि प्लायचे सांधे महिन्याभरात ढिले होतात. पाट्याची एक-दोन पाने कमी करून गाडी भरल्यावर किती बसते ते पाहूनच कायम करावे.

मोटारीचा ॲक्सल वापरलेली जुनी ट्रेलर कोणी दाखवली तर वाकून खाली पाहावे. ओम्नी किंवा ॲम्बेसेडरचा मागचा ॲक्सल असेल तर मध्ये डिफरन्शियलचा गोळा असतो. मागची चाके गाडी ढकलतात म्हणून तो तेथे लागतो, ट्रेलरला त्याचे काही काम नाही. उगाच वजन वाढते आणि तेल सांभाळावे लागते. पुढची चाके ओढणाऱ्या मोटारीचा मागचा ॲक्सल साधा आणि हलका असतो. ट्रेलरची आणि ओढणाऱ्या गाडीची चाके एकाच मापाची, तेवढ्याच बोल्टची मिळाली तर एकच स्टेपनी दोन्हींना चालते. माळशेजच्या धुक्यात पंक्चर काढणारा शोधत बसलेल्याला याची किंमत विचारा.

चॅनेल घ्यावा की चौकोनी पाइप? पाइप हलका. ५० बाय ५० चा, ३ मिलिमीटर जाडीचा घेतला तर मीटरला साडेचार किलोच्या आत, म्हणजे चौकटीत पस्तीस-चाळीस किलो वाचतात. परंतु आपल्या पश्चिम पट्ट्यातला पाऊस पाइपच्या आत शिरतो आणि लोखंड आतून खातो, वरून रंग मात्र चकचकीत. चॅनेलला दोन्ही अंगांनी रंग देता येतो आणि गंज डोळ्यांना दिसतो. लांब तुळया आणि दांडा चॅनेलचा, मधल्या आडव्या पट्ट्या पाइपच्या, असा मेळ आम्हांला पटतो. दांडा चौकटीला मिळतो त्या ठिकाणी चासी सर्वांत आधी तडकते. तेथे दोन्ही बाजूंनी तिकोनी पट्टी आहे का आणि जुन्या वेल्डिंगवर पुन्हा वेल्डिंग केलेले आहे का, हे घासून पाहावे.

तोलाचा मुद्दा नाणेघाटाच्या वाटेवर बैलांच्या पाठीवरून माल नेणाऱ्यांनाही ठाऊक होता. गोणी एका अंगाला झुकली की जनावर अडखळते. ट्रेलरमध्ये हा तोल पुढे-मागे असतो. एकूण वजनाचा दहावा ते सातवा भाग हुकावर आला पाहिजे. गाडी ६०० किलोची असेल तर हुकावर साधारण ६० ते ९० किलो. यापेक्षा कमी आले तर गाडी वेगात शेपटासारखी डोलू लागते आणि पुढच्या मोटारीलाही ओढून नेते. या थेंबगाडीत स्वयंपाकाचा ओटा मागे असतो, खोट तेथेच आहे. ॲक्सलपासून हूक ८ फुटांवर आणि ओटा ३ फूट मागे असेल, तर ओट्यावरचे ४० किलो सामान हुकावरचे १५ किलो उचलून घेते. म्हणून ॲक्सल बरोबर मध्यावर नसून थोडा मागे असलेली चासी घ्यावी, आणि थाने, बॅटरी, पाणी ॲक्सलच्या पुढे ठेवावे. मोजणे सोपे आहे. ट्रेलर सपाट जागी ठेवून हुकाखाली घरातला वजनाचा काटा ठेवा, उंचीसाठी खाली विटा लावा आणि आकडा वाचा.

राहिला ब्रेक. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक नसला तरी चालतो. पण तेथे ओढणाऱ्या मोटारीच्या वजनाचाही हिशोब असतो. आपल्याकडे छोट्या मोटारीमागे साडेसातशे किलो लावून माळशेज उतरणे म्हणजे संकटाला दावत. तवक्कुल म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. मोटारीच्या पुस्तकात ओढायचे वजन दिलेले असते, ते पाहावे. दिलेलेच नसेल तर त्या गाडीला ट्रेलर जोडू नये. घाटात जायचे असेल तर ब्रेकची चासीच घ्यावी, आणि हुकाखाली दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन बांधाव्यात, म्हणजे पिन निसटली तरी दांडा जमिनीत रुतणार नाही. मुक्कामी चारही कोपऱ्यांना टेकू हवेत. नाहीतर आत झोपलेला माणूस कूस वळला की घरही वळते.

पुतण्याने भंगाराचा नाद सोडला आहे. नोंदणी झालेली, पाट्यांची एक जुनी ट्रेलर त्याने रोखीने घेतली आणि उसाच्या काट्यावर नेऊन रिकामी तोलली. पुस्तकातल्या वजनापेक्षा ती २२ किलो जास्त भरली, कारण मागच्या मालकाने खाली जाड पत्रा मारला होता. तो पत्रा आता निघाला आहे. रेखाचित्र आरटीओत दिले आहे. प्लायची शीटे दुकानाच्या मागे भिंतीला टेकून आहेत, कागद हातात आल्यावर सुतार करवत लावील.