गाठ कुठे, गाठ कोणती

लंडनच्या रीजंट्स पार्क भागातल्या एका रुग्णालयात १८८४ साली हेंडरसन नावाचा पंचवीस वर्षांचा स्कॉटिश शेतकरी दाखल झाला. चेहऱ्याच्या डाव्या बाजूला आणि जिभेत काहीतरी विचित्र जाणवण्यापासून त्याचं दुखणं सुरू झालं होतं. मग फिट्स येऊ लागल्या, डाव्या हाताला झटके बसू लागले आणि पुढे त्या हातातला जोरच गेला. जोडीला असह्य डोकेदुखी आणि उलट्या. डॉ. अलेक्झांडर ह्यूज बेनेट यांनी हा सगळा क्रम नीट ऐकून घेतला, रुग्णाला तपासलं आणि निदान केलं: मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात, हाताची हालचाल सांभाळणाऱ्या पट्ट्यात गाठ आहे. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा अकरा वर्षं बाकी होती.

२५ नोव्हेंबरला शल्यविशारद रिकमन गॉडली यांनी कवटी उघडली. वरून काही दिसेना. मेंदूच्या पृष्ठभागाला लहानसा छेद दिल्यावर थोड्याच आत अक्रोडाएवढी गाठ लागली, बेनेट यांनी सांगितली होती तिथेच. हेंडरसनच्या फिट्स थांबल्या, डोकेदुखी गेली. पण जखमेत संसर्ग झाला आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तो दगावला.

या शस्त्रक्रियेचा मान चाकू चालवणाऱ्याइतकाच ऐकून घेणाऱ्याचाही आहे. बेनेट यांच्या हाती जो नकाशा होता, तो तयार व्हायला जवळजवळ पाव शतक लागलं होतं. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूत बोलण्याची जागा दाखवली. जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन फिट कुठून सुरू होते आणि शरीरात कशी सरकत जाते, हे वर्षानुवर्षं टिपत राहिले. १८७० मध्ये फ्रिच आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करून त्याचे पाय हलवून दाखवले. डेव्हिड फेरिअर यांनी माकडांच्या मेंदूवर हेच काम आणखी बारकाईने केलं.

जागा कळली, तरी तिथपर्यंत पोचून रुग्णाला जिवंत परत आणणं हे वेगळंच काम होतं. ते ज्यांनी अंगावर घेतलं, त्या अमेरिकेच्या हार्वी कुशिंग यांची चिकाटी थक्क करणारी आहे. मेंदूतला रक्तस्राव हा त्यांचा मुख्य शत्रू. त्यासाठी त्यांनी १९११ मध्ये चांदीचे इवलेसे चिमटे वापरात आणले. १९२६ मध्ये विल्यम बोवी यांच्या विद्युत उपकरणाने, रक्तस्रावाच्या भीतीने सोडून द्याव्या लागणाऱ्या गाठी काढता येऊ लागल्या. १५ एप्रिल १९३१ रोजी कुशिंग यांनी मेंदूतल्या गाठीची दोन हजारावी शस्त्रक्रिया केली. रुग्णांचे फोटो, टिपणं, गाठींचे नमुने असं सगळं त्यांनी जपलं. तो संग्रह आजही येल विद्यापीठात आहे.

पण प्रत्येक रुग्ण हेंडरसनसारखी स्पष्ट खूण घेऊन येत नाही. मेंदूचे काही भाग मुके असतात. तिथली गाठ हात लुळा करत नाही की वाचा घालवत नाही. १९१८ मध्ये वॉल्टर डँडी यांनी मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये हवा भरून एक्स-रे काढला. पोकळी कुठे दबली, कुठे सरकली, यावरून गाठीचा अंदाज यायचा. १९२७ मध्ये लिस्बनला एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं चित्र मिळवलं. हवेची तपासणी मात्र रुग्णाला भयंकर त्रासाची असे. डोकं फुटेल अशी वेदना, उलट्या. तरीही पन्नासेक वर्षं तिच्यावाचून इलाज नव्हता.

या काळातली सर्वात चटका लावणारी गोष्ट संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांची. १९३७ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसमध्ये वाजवताना ते क्षणभर हरवले. मग अधूनमधून जळक्या रबराचा वास येऊ लागला, डोकं दुखू लागलं. नसलेला वास येणं ही कानशिलामागच्या भागातून सुरू होणाऱ्या फिटची खूण असू शकते, हे जॅक्सन कधीच सांगून गेले होते. जूनमध्ये तपासण्या झाल्या, ठोस काही सापडलं नाही आणि दुखणं मनाचं असावं असं ठरलं. ९ जुलैला ते बेशुद्ध पडले. शस्त्रक्रियेसाठी डँडी हवे होते, पण ते सुट्टीवर बोटीत होते. सरकारी यंत्रणेच्या मदतीने त्यांना शोधून विमानतळापर्यंत आणलं, पण तेवढा वेळ उरला नव्हता. तिथल्याच शल्यविशारदांनी शस्त्रक्रिया केली आणि ११ जुलैला गर्श्विन गेले. वय अवघं अडतीस. गाठ कानशिलामागच्याच भागात, उजवीकडे होती.

गाठ कुठे आहे, या प्रश्नाचं उत्तर १ ऑक्टोबर १९७१ रोजी खऱ्या अर्थाने हाती आलं. ईएमआय या ग्रामोफोन रेकॉर्डसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीतले अभियंते गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांनी बनवलेलं सीटी यंत्र लंडनजवळ विम्बल्डनच्या अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्यांदा एका महिलेसाठी वापरलं गेलं. पडद्यावर गाठ दिसली. छेद नाही, हवा नाही, वेदना नाही. हाउन्सफिल्ड डॉक्टर नव्हते. आधीच्या प्रयोगांत त्यांच्या यंत्राला एका छेदचित्रासाठी नऊ दिवस लागत. अॅलन कॉरमॅक यांच्यासह त्यांना १९७९ चं नोबेल मिळालं. पाठोपाठ एमआरआय आलं आणि मेंदूचा कुठलाच कोपरा झाकलेला राहिला नाही.

भारतात ही विद्या थेट माँट्रियलहून आली. तिथे वाइल्डर पेनफील्ड रुग्णाला जागं ठेवून, त्याच्याशी बोलत मेंदूवर शस्त्रक्रिया करत. त्यांच्याकडे शिकलेले डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला काम सुरू केलं. माँट्रियललाच घडलेले डॉ. राम गिंडे मुंबईत आले. १९५० मध्ये मद्रासला डॉ. बी. राममूर्ती उभे राहिले.

पेनफील्ड यांच्याच घरात या आजाराने घाव घातला होता. १९२८ मध्ये त्यांनी सख्ख्या बहिणीवर, रूथवर, शस्त्रक्रिया केली. जागा माहीत होती, हात कसबी होता, तरी गाठ पूर्ण निघाली नाही. तीन वर्षांत रूथ गेली. दुसरा प्रश्न इथे उभा राहतो: गाठ कोणती? मेनिंजिओमासारखी बाहेरून दाबणारी गाठ अनेकदा समूळ निघते. ग्लायोमा मात्र निरोगी पेशींमध्ये मुळं पसरावीत तसा पसरतो. त्यातला सर्वात घातक ग्लायोब्लास्टोमा. २००५ मध्ये रॉजर स्टुप आणि सहकाऱ्यांनी किरणोपचाराला टेमोझोलोमाइडच्या गोळ्यांची जोड दिली, तेव्हा दोन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण १०.४ वरून २६.५ टक्क्यांवर गेलं. सरासरी आयुष्य मात्र जेमतेम अडीच महिन्यांनी वाढलं. २००८ मध्ये काही ग्लायोमांमध्ये आयडीएच जनुकातला बदल सापडला. आता गाठीचं नाव सूक्ष्मदर्शकाबरोबर जनुकंही ठरवतात.

जगणाऱ्याचं जगणं कसं असेल, या प्रश्नावर मुंबईने मोलाचं काम केलं. टाटा मेमोरियलमध्ये २००१ ते २०१२ दरम्यान ३ ते २५ वर्षांच्या दोनशे रुग्णांना दोन गटांत किरणोपचार, म्हणजे रुग्णांच्या भाषेत ‘शेक’, देण्यात आला. एका गटाला नेहमीच्या पद्धतीने, दुसऱ्याला गाठीपुरता नेमका. पाच वर्षं पाठपुरावा झाला. नेमका शेक घेतलेल्या मुलांची बुद्धिमत्ता अधिक टिकली. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शाळेत परतणाऱ्या मुलासाठी याची किंमत त्याच्या आईवडिलांनाच विचारावी.

वाचकांना एक विनंती. बहुतेक डोकेदुखी गाठीची नसते. पण मोठेपणी पहिल्यांदाच फिट आली, सकाळी उठताच डोकं दुखून उलटी होऊ लागली, एका बाजूचा जोर कमी होत चालला किंवा बोलताना शब्द सापडेनासे झाले, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. फिट आलेल्या माणसाच्या नाकाला कांदा किंवा चप्पल लावू नका, तोंडात काही घालू नका. त्याला कुशीवर वळवा आणि झटके आधी कुठे सुरू झाले ते लक्षात ठेवा: चेहरा, हात की पाय, डावा की उजवा. डॉक्टरांना ते त्याच क्रमाने सांगा.