व्हेंडर लिस्टची तीस वर्षं

रिलायन्सची जामनगर रिफायनरी १९९९ साली सुरू झाली. तिच्या उभारणीत अमेरिकेची बेक्टेल कंपनी होती. भोसरी, तळोजा, रबाळे इथल्या व्हॉल्व्ह, फ्लँज आणि फिटिंगच्या कारखान्यांना परदेशी कंत्राटदार कसा काम करून घेतो, हे घरबसल्या पाहायची संधी तेव्हा मिळाली. त्याआधी या धंद्यातलं मोठं दार होतं दिल्लीच्या इंजिनीअर्स इंडिया लिमिटेडचं. १९६५ पासूनची ही सरकारी सल्लागार कंपनी. तिच्या यादीत नाव असलं की सरकारी रिफायनऱ्यांच्या चौकशा यायच्या, नसलं की कोटेशनचं पाकीट कोणी फोडतही नसे. ही यादी अजून उपयोगी पडते. परदेशी कंत्राटदाराच्या नोंदणी अर्जात पूर्वीच्या कामांचा रकाना असतो आणि नवख्याला तिथे लिहायला दुसरं फारसं काही नसतं.

मुंबईचा या गोष्टीतला वाटा सहसा कोणी सांगत नाही. परदेशी ईपीसी कंपन्या, म्हणजे डिझाइन, खरेदी आणि बांधकाम अशी तिन्ही कामं अंगावर घेणारे कंत्राटदार, आपली इंजिनीअरिंगची कामं इथे करून घेत होते. कांजुरमार्गला तोयो, मालाडला टेक्निमाँट, विक्रोळीला उडे. इटलीतल्या किंवा जपानमधल्या खरेदी विभागाची पहिली पायरी अशी लोकल ट्रेनच्या टप्प्यात आली. कारखाना बघायला येणारा इंजिनीअर बऱ्याचदा मराठीच असे. मात्र त्यामुळे तपासणी सोपी होई, असा कोणाचा समज असेल तर तो पहिल्या भेटीतच उतरे.

ही तपासणी म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं. ऑडिटर शॉपमध्ये शिरतो आणि रॅकवरचा कुठलाही एक फ्लँज उचलतो. त्यावर ठोकलेला हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या ओताचा क्रमांक, वाचतो आणि उलटा प्रवास सुरू करतो. हा कुठल्या बारमधून कापला? कापताना नंबर पुढच्या तुकड्यावर कोणी उतरवला? गिरणीचं टेस्ट सर्टिफिकेट कुठे आहे? फोर्जिंगनंतर नॉर्मलायझिंग केलं, तर त्या दिवसाचा भट्टीचा चार्ट दाखवा. चार्ट काढणाऱ्या थर्मोकपलचं कॅलिब्रेशन कधी झालं? माल वेल्डिंगचा असेल तर वेल्डिंगची पद्धत लिहून आणि चाचणी करून मंजूर झाली आहे का, आणि ज्या माणसाने टाका मारला त्याची स्वतःची पात्रता त्या जाडीपर्यंत आहे का? या साखळीतली एक कडी निसटली की बाकीचा माल कितीही देखणा असो, नोंद होते ती त्रुटीचीच.

एवढा काटेकोरपणा उगाच नाही. १९०५ साली अमेरिकेत ब्रॉकटनच्या बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ माणसं मेली. अशाच अपघातांपाठोपाठ एएसएमई या अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेची बॉयलर संहिता आली. तेलविहिरीतल्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असला की कठीण पोलाद दाबाखाली अचानक तडकतं. म्हणून अशा जागी साध्या कार्बन स्टीलची कठीणता रॉकवेल सी मापाने २२ च्या वर जाऊ देत नाहीत. आपल्या शॉपमध्ये घाईने केलेली एक हीट ट्रीटमेंट हजारो किलोमीटरवर कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते, हे हार्डनेस टेस्टरसमोर उभ्या असलेल्या पोराला कोणीतरी समजावून सांगायला हवं होतं. फार थोड्या कारखान्यांत ते सांगितलं गेलं. बाकीच्यांनी रजिस्टर भरायला शिकवलं.

प्रमाणपत्रांची रांग या तीस वर्षांत लांबत गेली. आधी आयएसओ ९००१ पुरे होतं. मग व्हॉल्व्हवाल्यांना एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचा मोनोग्राम आणि प्रेशर व्हेसलवाल्यांना एएसएमईचा शिक्का लागू लागला. दोन्ही तीन-तीन वर्षांनी पुन्हा मिळवावे लागतात. मे २००२ च्या अखेरीपासून युरोपात दाबाखालच्या उपकरणांचा निर्देश सक्तीचा झाला, तेव्हा नुसतं फोर्जिंग पुरवणाऱ्यांनाही आपली गुणवत्ता व्यवस्था युरोपीय संस्थेकडून तपासून घेण्याची पाळी आली. माझं मत असं की याच टप्प्यावर आपल्याकडचे दोन प्रकारचे कारखाने वेगळे झाले. एकांनी नव्या सीएनसी मशीनसाठी कर्ज काढलं, पण कागद सांभाळणाऱ्याला धड पगार दिला नाही. दुसऱ्यांनी जुन्या मशीनवर भागवलं आणि क्वालिटीच्या खोलीत दोन चांगली माणसं बसवली. निर्यातीत टिकले ते बहुतेक दुसरे.

टिकले म्हणजे सुखात राहिले असं नव्हे. कंत्राटदाराच्या यादीत नाव आलं की पेढे वाटले जात, आणि मग वर्ष-वर्ष एक चौकशी येत नसे. कारण खरी यादी प्रकल्पाच्या मालकाची असते. सौदीची अरामको, अबू धाबीची अ‍ॅडनॉक यांच्यासारखा मालक मंजूर पुरवठादारांची नावं करारालाच जोडतो आणि कंत्राटदाराला त्यातूनच निवड करावी लागते. अरामकोत तर मंजुरी कंपनीला सरसकट मिळत नाही. तिथे वस्तूच्या वर्गवारीनुसार आणि ठरावीक कारखान्यापुरती मिळते. पुढे मालकांनी स्थानिक हिश्शाची अट आणली : अरामकोने २०१५ मध्ये, अ‍ॅडनॉकने २०१८ मध्ये. पुण्यात बनवलेला चांगला आणि स्वस्त माल दम्माममध्ये बनवलेल्या मालापुढे मागे पडू लागला.

कंत्राटदारही जागेवर राहिले नाहीत. फॉस्टर व्हीलर अ‍ॅमेकमध्ये गेली आणि त्या दोन्ही २०१७ मध्ये वुडमध्ये. त्याच वर्षी टेक्निप एफएमसीशी जोडली गेली आणि २०२१ मध्ये तिचा ऊर्जा प्रकल्पांचा भाग पुन्हा वेगळा निघाला. दर वेळी नवं पोर्टल, नवा व्हेंडर कोड, तीच कागदपत्रं पुन्हा.

पैशाची बाजू आम्ही उशिरा शिकलो. तेलाचा भाव २०१४ च्या मध्यात पिंपाला शंभर डॉलरच्या वर होता, तो २०१६ च्या आरंभी तीसच्याही खाली गेला आणि प्रकल्प थांबले. स्पेनची अबेन्गोआ २०१५ मध्ये अडचणीत आली, मॅकडरमॉटने जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षण मागितलं. आपला ४५ दिवसांत पैसे देण्याचा लघुउद्योग कायदा परदेशी खरेदीदाराला लागू होत नाही. शेवटचा दहा टक्के हप्ता तर शेवटचा कागद मंजूर होईपर्यंत अडकून राहतो, माल साइटवर बसलेला असला तरी. १९५७ पासून मुंबईत निर्यात पतविमा देणारी ईसीजीसी आहे. तिचा हप्ता जड वाटतो म्हणून तो टाळणारे आजही भेटतात.

आता पुढचा रकाना कार्बनचा. युरोपीय संघाची सीमेवरची कार्बन आकारणी १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसत्या माहितीपुरती होती, १ जानेवारी २०२६ पासून आयातदाराला तिचे पैसे मोजावे लागणार असं ठरलं. व्हॉल्व्ह तिच्या मूळ यादीत नाहीत, पण पोलादी फ्लँज, फिटिंग आणि नट-बोल्ट आहेत. यात मोठा आकडा आपल्या शॉपमधल्या विजेचा नसतो, पोलाद वितळवणाऱ्याच्या भट्टीचा असतो. तेव्हा युरोपच्या चौकशीला उत्तर देण्याआधी गिरणीकडून टेस्ट सर्टिफिकेटसोबत उत्सर्जनाचा आकडाही लेखी मागून घ्या. ऑर्डर हातात आल्यावर गिरणी तो देईलच असं नाही.