बोलेल हो, पण वाट किती पाहायची?

“याचे बाबाही उशिराच बोलले,” असं म्हणत घरचे धीर देतात आणि त्यात मुलाचं मोलाचं वर्ष जातं. नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसणं, 18 महिन्यांपर्यंत चालणं, दोन वर्षांच्या सुमारास ‘आई ये’सारखे दोन शब्द जोडणं, या ढोबळ खुणा. मूल फार मागे असेल किंवा आलेले शब्द गेले असतील, तर थांबू नये.

आधी कानांची तपासणी. हाक मारल्यावर वळतं म्हणजे सगळं ऐकू येतं, असं नसतं.

स्पीच थेरपी बाहेरून निव्वळ खेळ वाटते. तज्ज्ञ चेंडू हातात धरून मुद्दाम थांबतात, मुलाला मागायची संधी देतात. ते ‘बॉल’ म्हणालं की ‘मोठा बॉल’ म्हणून एक शब्द वाढवतात. फिजिओथेरपीत मान, पाठ, तोल. ऑक्युपेशनल थेरपीत घास घेणं, बटण लावणं. मात्र आठवड्याच्या तासाभराने भागत नाही. आंघोळ, कपडे, भाजी निवडणं, यांतच खरा सराव होतो. मोबाइल मुलाची वाट पाहत नाही. आई-आजी पाहू शकतात. आणि घरातली मराठी सोडू नका. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत तपासणी व उपचार मोफत असतात. शंका असेल तर अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना आजच विचारा.