कमी खर्चातील घरगुती बिनतारी कॅमेरा

स्मरणिकेसाठी लेख मागावयास कार्यकर्ते घरी आले, तेव्हा "या वेळी काहीतरी रोजच्या उपयोगाचे लिहा" अशी त्यांनी विनंती केली. आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि पोटासाठी बँकेत कारकून; यंत्रविद्या हा काही आमचा प्रांत नव्हे. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या सभासदांपैकी पुष्कळांच्या घरची परिस्थिती एकसारखी झाली आहे. नवरा-बायको दोघेही नोकरीला, मुले शाळा-कॉलेजात, आणि सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत घरात एकटे म्हातारे माणूस. आमच्या घरी मातोश्री असतात, वय ७८. दागिने उजळून देतो, गॅसची नळी तपासतो, अमुक योजनेचा फॉर्म भरून घेतो असे सांगत फिरणारी माणसे नेमकी अशा घरांची वेळ साधतात. पगारी पहारेकरी आपल्याला परवडत नाही. दीड-दोन हजार रुपयांचा बिनतारी कॅमेरा मात्र परवडतो. आम्ही तो प्रथम आमच्या घरी बसविला, नंतर ओळखीच्या पाच-सहा घरी बसवून दिला. त्या अनुभवावर हे टिपण आधारलेले आहे.

घराच्या दारावर कॅमेरा ही कल्पना बड्या बंगलेवाल्यांची असावी असा आपला समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची एक कृष्णवर्णीय परिचारिका राहत असे. तिच्या व तिच्या पतीच्या कामाच्या वेळा अवेळी असत, पुष्कळदा ती घरी एकटी असे, आणि त्या वस्तीत पोलीस बोलावले तरी वेळेवर येत नसत. तेव्हा तिने पती आल्बर्ट ब्राउन यांच्या मदतीने एक योजना आखली. दाराला निरनिराळ्या उंचीवर चार भोके, त्यांतून बाहेर पाहणारा वरखाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत चित्र दाखविणारा पडदा, बाहेरच्या माणसाशी बोलण्याची सोय आणि दुरूनच दार उघडण्याचे बटण. १९६६ साली या दांपत्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी ते मिळाले. आज आपण जो कॅमेरा भिंतीला लावतो त्याची कुळी ही अशी एका नोकरदार बाईच्या गरजेतून निघालेली आहे.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळू. बिनतारी म्हणजे मुळीच तार नसलेला, असा अर्थ कोणी घेऊ नये. चित्र वाय-फायवरून जाते, त्यासाठी तार लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. विजेची तार लागतेच. बॅटरीवर चालणारे कॅमेरे मिळतात, परंतु ते साधारणपणे हालचाल दिसली तरच जागे होतात व महागही असतात. म्हणून कॅमेरा घेण्याआधी दाराजवळ विजेचा पॉइंट आहे की नाही ते पाहावे. विजेच्या बिलाची धास्ती बाळगू नये. असा कॅमेरा फार तर पाच वॉट वीज घेतो. चोवीस तास चालू ठेवला तरी महिन्याला साडेतीन युनिटांच्या आसपास खर्च येतो.

सर्वांत जास्त माणसे अडतात ती जोडणीत, आणि त्याचे कारण बहुधा एकच असते. घरातील वाय-फायचा डबा, ज्याला राऊटर म्हणतात, तो हल्ली दोन पट्ट्यांवर बोलतो: एक २.४ गिगाहर्ट्झची आणि दुसरी ५ गिगाहर्ट्झची. दुसरी वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकते. पहिली संथ, पण भिंती ओलांडून जाते. स्वस्त कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांना फक्त पहिली समजते. आपला मोबाईल मात्र दुसरीवर असतो, आणि मग कॅमेरा व मोबाईल यांची भेटच होत नाही. घरातील माणसे म्हणू लागतात की कॅमेराच खराब निघाला, आणि दुकानदाराशी भांडण सुरू होते. अशा वेळी केबलवाल्याकडून दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे देऊन घ्यावीत आणि मोबाईल २.४ वर आणून मग जोडणी करावी. पुढचे काम सोपे आहे. कंपनीचे अॅप मोबाईलवर उतरवून घ्यावयाचे, त्यात खाते उघडावयाचे, वाय-फायचा पासवर्ड लिहावयाचा, आणि मोबाईलवर जो चौकोनी ठिपक्यांचा कोड उमटतो तो कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर वीतभर अंतरावर धरावयाचा. काही कॅमेऱ्यांत याची तऱ्हा थोडी वेगळी असते. खोक्यातील पत्रक वाचावे. ही जोडणी राऊटरच्या शेजारी बसूनच करावी, भिंतीवर टांगल्यावर नव्हे. टांगण्यापूर्वी मोबाईल त्या जागी नेऊन वाय-फाय नीट पोहोचते का तेही पाहून घ्यावे.

जागेची निवड हा दुसरा महत्त्वाचा मुद्दा. कॅमेरा खिडकीच्या किंवा उघड्या दाराच्या उजेडाकडे तोंड करून लावला, तर आत येणारा माणूस नुसता काळ्या सावलीसारखा दिसतो. आतून काचेआड ठेवून बाहेरचे पाहू म्हटले, तर दिवसा ठीक चालते; रात्री मात्र कॅमेऱ्याचे स्वत:चे अदृश्य किरणांचे दिवे लागतात, ते काचेवरून उलटे येतात आणि चित्र पांढरेफटक होते. रात्रीचे चित्र बहुधा काळे-पांढरे असते, त्यामुळे अंगावरचा शर्ट कोणत्या रंगाचा होता हे त्यावरून सांगता येत नाही.

उंचीविषयी लोकांचा ओढा उगीचच छताकडे असतो. फार उंचावरून टक्कल दिसते, चेहरा दिसत नाही. सहा-सात फूट पुरे. अंतराचा हिशेबही करून पाहण्याजोगा आहे. साध्या कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे १,९२० ठिपके असतात. समजा, कॅमेऱ्याची नजर नव्वद अंशांची आहे. चार मीटरवर तो आठ मीटर रुंदीची जागा पाहतो, म्हणजे एका मीटरला २४० ठिपके येतात आणि वीतभरापेक्षा अरुंद अशा माणसाच्या चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम ३८. तेवढ्यात ओळखीचा माणूस ओळखू येतो. अंतर आठ मीटर झाले की ठिपके निम्म्यावर आले आणि ओळख पुसट झाली. जाहिरातीत सगळा रस्ता दिसतो असे लिहिलेले असते. दिसतो खरा, पण कोण चालले आहे ते कळत नाही. म्हणून आमचा सल्ला असा, की एका स्वस्त कॅमेऱ्याकडून एकाच दाराची अपेक्षा ठेवावी.

चित्रण साठविण्यासाठी नखाएवढे मेमरी कार्ड लागते. कंपन्या महिन्याच्या वर्गणीवर आपल्या यंत्रात साठवून देण्याची सोय देऊ करतात, पण सामान्य घराला कार्ड पुरते. किती दिवस पुरते हा आमच्या धंद्यातला प्रश्न, म्हणजे गुणाकार-भागाकाराचा. चित्राचा वेग सेकंदाला दहा लाख बिट धरला तर सव्वा लाख बाइट होतात. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार १,०८० कोटी बाइट, अर्थात १०.८ गिगाबाइट. ६४ गिगाबाइटचे कार्ड अखंड चित्रणाला पाच-सहा दिवस पुरले. नंतर कॅमेरा जुन्यावर नवे लिहीत जातो. बँकेच्या लॉकर विभागातील चित्रण किमान १८० दिवस जपावे असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. घरी तसे काही शक्य नाही आणि गरजही नाही. मात्र काही घडले तर त्याच दिवशी तो भाग मोबाईलवर उतरवून घ्यावा, आठवड्याने शोधू म्हणू नये. कार्डावर साठविण्यास इंटरनेटचा खर्च येत नाही. बाहेरून मोबाईलवर पाहिले तरच येतो: दहा मिनिटांना याच वेगाने ७५ मेगाबाइट.

वीज गेली की राऊटरही बंद आणि कॅमेराही बंद. आपल्याकडे पहिल्या पावसात हे ठरलेलेच. राऊटरसाठी छोटे बॅटरीचे डबे मिळतात. राऊटर बहुधा १२ व्होल्टचा व कॅमेरा ५ व्होल्टचा असतो, तेव्हा दोन्ही तोंडे असलेला डबा घ्यावा.

पासवर्डाविषयी थोडे कठोरपणे सांगणे आवश्यक वाटते. २०१६ साली 'मिराई' नावाच्या एका उपद्रवी प्रणालीने जगभरातील हजारो कॅमेरे व राऊटर ताब्यात घेतले. त्यासाठी तिने फार मोठी करामत केली नाही. कारखान्यातून येणारे ठराविक पासवर्ड लोकांनी बदललेच नव्हते, ते एकामागून एक लावून पाहिले. त्या साऱ्या यंत्रांना कामाला लावून ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेतील कित्येक बडी संकेतस्थळे काही तास बंद पाडण्यात आली. आपला कॅमेरा चोराला घर दाखवू लागला तर तो घेण्यात अर्थ काय? तेव्हा मुलाचे नाव व जन्मसाल असा पासवर्ड ठेवू नये. खात्याला मोबाईलवर येणाऱ्या अंकांची दुसरी कडी लावावी. अॅपमध्ये सुधारित आवृत्ती आली की ती घ्यावी. कॅमेरा बसवून देणाऱ्या माणसाने स्वत:च्या नावे खाते उघडलेले आम्ही दोन घरांत पाहिले आहे. अशा वेळी घराची किल्ली त्याच्याकडेच राहिली असे समजावे. केंद्र सरकारने एप्रिल २०२५ पासून बाजारात आणावयाच्या नव्या कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या आहेत. रस्त्यावरच्या मालात शे-दोनशे रुपये वाचविण्यापेक्षा भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व नोंदणी क्रमांक पाहून पावतीसह घेणे बरे.

इथवर यंत्राचे झाले. माणसांचे प्रकरण अधिक नाजूक आहे.

आमच्या मातोश्रींना कॅमेऱ्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "म्हणजे मी दिवसभर काय करते ते तुम्ही हापिसात बसून बघणार?" हा प्रश्न रास्त होता. जन्मभर ज्या बाईने दुसऱ्याच्या नजरेखाली काम केले, तिला म्हातारपणी आपल्याच घरात पुन्हा कोणाची नजर का म्हणून सोसावी? आम्ही त्यांना मोबाईलवर चित्र दाखविले. त्यात दार, चपलांचा स्टँड आणि दारापुढची चार फूट फरशी एवढेच येते. त्यांची खाट, देव्हाऱ्याच्या जागी असलेल्या तसबिरी, स्वयंपाकघर काहीही येत नाही. विजेचे बटण कोणते तेही त्यांना दाखविले आणि मनात येईल तेव्हा बंद करण्याची मुभा दिली. पहिल्या आठवड्यात त्यांनी ते रोज दुपारी बंद केले. आम्ही काही बोललो नाही. पुढे एका दुपारी एक अनोळखी माणूस मीटर पाहण्याच्या निमित्ताने दारात बराच वेळ घुटमळला. आमच्या सौभाग्यवतींच्या मोबाईलवर सूचना आली, त्यांनी कॅमेऱ्यातूनच आवाज दिला, "आई, दार उघडू नका, शेजारचे दादा येताहेत." तो माणूस ते ऐकून जिना उतरून गेला. तेव्हापासून बटण चालूच असते. कॅमेऱ्यातून असा आवाज येतो हे घरातील वृद्धांना आधी सांगून, एकदोनदा ऐकवून ठेवावे. एकाएकी भिंतीतून सुनेचा आवाज आला तर माणूस दचकते.

कामाला येणाऱ्या मावशींनाही पहिल्याच दिवशी सांगावे. ओळखीच्या एका घरी स्वयंपाकघरात, डब्यांच्या मागे, न सांगता कॅमेरा ठेवला होता. मावशींना तो दिसला, त्या दिवशीच त्यांनी काम सोडले आणि महिन्याचा पगारही मागावयास आल्या नाहीत. घरातून कधी काही गेलेले नव्हते. आमच्या मते मावशींनी केले ते योग्यच केले. गरिबाला चोर समजून त्याच्या मागे डोळा लावणे याला राखण म्हणत नाहीत.

कायद्याचेही भान असावे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ साली दिला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली एखाद्या व्यक्तीच्या खाजगी अंगांचे संमतीशिवाय चित्रण केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. न्हाणीघर, कपडे बदलण्याची जागा, पाहुण्यांची खोली येथे कॅमेऱ्याचे तोंड कोणत्याही सबबीखाली असता कामा नये. एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या एका वादात, सर्व रहिवाशांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालविता येणार नाहीत असे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ साली सांगितले, व सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. समोरच्या बिऱ्हाडाचे दार आपल्या चित्रात येत असेल तर कॅमेरा थोडा वळवावा. बऱ्याच अॅपमध्ये तेवढा भाग झाकण्याचीही सोय असते.

चित्रण पुढेमागे पोलिसांत वा न्यायालयात द्यावयाचे झाल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा मसुदा वकिलाकडून घ्यावा. तोवर मूळ कार्ड काढून पाकिटात घालून, तारीख लिहून जपून ठेवावे आणि कॅमेऱ्यात दुसरे घालावे.

देखभाल फारशी नाही. डोळ्यावरची धूळ मऊ फडक्याने पुसावी. कोळ्याचे जाळे लागले तर रात्री त्यावर किरण पडून मोबाईल उगीच वाजत राहतो, ते काढावे. आम्ही पगाराच्या दिवशी तीन गोष्टी पाहतो: कॅमेऱ्यातील घड्याळ व तारीख बरोबर आहे का, मागील चार दिवसांचे चित्रण खरोखर निघते का, आणि मोबाईलवरील खात्यात आपल्याखेरीज दुसरे कोणाचे यंत्र जोडलेले तर नाही ना. पाच मिनिटांचे काम आहे. संस्थेच्या सभासदांपैकी कोणास जोडणीत अडचण आल्यास रविवारी सकाळी कार्यालयात आमची गाठ पडते. येताना राऊटरचा पासवर्ड लिहून आणावा, कारण निम्मा वेळ तो शोधण्यातच जातो.