लेझरने पेटवलेला इवलासा सूर्य

डोळ्यांच्या पडद्यावरील उपचारांसाठी, मूतखडा फोडण्यासाठी आम्ही डॉक्टर लेझर वापरतो. त्याच लेझरने कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत ५ डिसेंबर २०२२ रोजी क्षणभर सूर्य पेटवला गेला.

सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनच्या केंद्रकांचे मीलन होऊन हेलियम बनतो आणि ऊर्जा बाहेर पडते. यालाच अणुसंमीलन म्हणतात. केंद्रके धनभारित असल्याने एकमेकांना दूर ढकलतात. त्यांना एकत्र आणायला प्रचंड दाब आणि उष्णता लागते. सूर्याला हे त्याच्या अफाट गुरुत्वाकर्षणामुळे जमते. पृथ्वीवर दुसरा उपाय शोधावा लागतो.

लिव्हरमोरमध्ये सुमारे दोन मिलिमीटर व्यासाच्या, हिऱ्याचे कवच असलेल्या गोळीत ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची जड भावंडे भरली. ही गोळी एका छोट्या पोकळ नळकांड्यात ठेवून १९२ लेझर शलाका नळकांड्याच्या आतील भिंतीवर सोडल्या. त्यातून निघालेल्या क्ष-किरणांनी गोळीचे बाहेरचे आवरण स्फोटासारखे उडाले आणि त्याच्या धक्क्याने आतले इंधन चेपले गेले. तापमान दहा कोटी अंशांच्या वर गेले आणि संमीलन घडले. लेझरने २.०५ मेगाज्यूल ऊर्जा दिली. बाहेर आली ३.१५ मेगाज्यूल.

मग घरोघरी स्वस्त वीज कधी? जरा हिशेब मांडू. वीजबिलातील एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. म्हणजे मिळालेली ऊर्जा एक युनिटही भरत नाही. लेझर चालवायला मात्र सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८० युनिटांहून अधिक वीज लागली. शिवाय वीजकेंद्रासाठी असे स्फोट दर सेकंदाला अनेकदा, अखंड घडवावे लागतील.

आरोग्याचे काय? अणुभट्टीतील जळालेल्या इंधनासारखा हजारो वर्षे जपावा लागणारा कचरा इथे उरत नाही. पण न्यूट्रॉनच्या माऱ्याने यंत्राचे भाग किरणोत्सारी होतात. ट्रिटियमही किरणोत्सारी असून दर १२.३ वर्षांनी निम्मे होते. त्याचे किरण त्वचा भेदत नाहीत, मात्र श्वासावाटे किंवा पाण्यातून ते शरीरात जाऊ शकते. त्यामुळे कडक काळजी हवीच.

परीक्षानळीत जंतू मारणारे रसायन औषध म्हणून रुग्णापर्यंत पोहोचायला अनेक वर्षे जातात, तसेच हे आहे. संशोधन मोलाचे आहे, ते चालू राहावे. पण धुराने आज काळवंडणारी फुप्फुसे तोवर थांबणार नाहीत. त्यांच्यासाठी सौर आणि पवनऊर्जा आजच हाताशी आहे.