बॅकअपच्या टेपला हवी स्वतंत्र केबल

फेब्रुवारी २०११च्या अखेरीस जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांनी खातं उघडलं, तर आतल्या सगळ्या मेल गायब. सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीमुळे गूगलच्या वेगवेगळ्या डेटा सेंटरमधल्या प्रतींनाही फटका बसला होता. अखेर त्या मेल परत मिळाल्या त्या चुंबकीय टेपवरून. त्या टेप चालू यंत्रणेपासून अलग ठेवलेल्या असल्यामुळे ती चूक त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती.

टेपवर एवढी भिस्त ठेवायची, तर ती लिहिली जाताना काय घडतं हेही पाहायला हवं. लहान कार्यालयांत एक काटकसर हमखास व्हायची: सर्व्हरच्या हार्ड डिस्क ज्या स्कझी केबलवर, तिच्यावरच टेप ड्राइव्हही जोडून द्यायचा. १९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या स्कझी या जोडणीच्या पद्धतीत तशी मुभा होतीच. एका बसवर, म्हणजे सामाईक केबलवर, कंट्रोलर कार्ड धरून आठ उपकरणं, पुढच्या रुंद प्रकारात सोळा. मात्र बसवर एका वेळी दोघांचाच संवाद चालतो, बाकीच्यांनी थांबायचं.

हिशेब मांडून पाहू. रुंद अल्ट्रा-२ स्कझी सेकंदाला ८० मेगाबाइट वाहून नेई. २००० साली आलेल्या पहिल्या पिढीच्या एलटीओ टेपचा वेग २० मेगाबाइटपर्यंत. वरवर पाहता जागा भरपूर! पण माहिती डिस्कवरून आधी मेमरीत येते आणि तिथून टेपकडे जाते, म्हणजे तीच बस दोनदा अडते. शिवाय ड्राइव्ह माहिती कॉम्प्रेस करून लिहितो. ती निम्म्यावर आली, तर तो सेकंदाला ४० मेगाबाइट मागतो. दोन फेऱ्यांचे ८० झाले, बस भरली. त्याच वेळी डिस्कवर कुणाचं काम चालू असेल, तर टेपच्या वाट्याची माहिती तुटलीच.

डिस्कला थांबणं जड जात नाही, टेपला जातं. अर्धा इंच रुंदीची फीत धावत असताना माहिती आटली, की ड्राइव्ह थांबतो, फीत मागे घेतो, आधीची नोंद कुठे संपली ते शोधतो आणि पुन्हा वेग पकडतो. असं सतत होऊ लागलं, की बुटावर पॉलिशचं फडकं फिरावं तशी फीत हेडवरून मागेपुढे होत राहते. बॅकअप रेंगाळतो, फीत आणि हेड दोन्ही झिजतात.

याहून मोठा धोका रीसेटचा. एखादी डिस्क प्रतिसाद देईनाशी झाली, की शेवटचा उपाय म्हणून संगणक अख्खी बस रीसेट करतो, आणि रीसेटची तार सगळ्यांना सामाईक असते. बाकीच्या डिस्क लगेच सावरतात. निम्मा बॅकअप लिहून झालेला टेप ड्राइव्ह मात्र आपली जागा गमावतो, पुष्कळदा फीत पार सुरुवातीला गुंडाळून नेतो. बॅकअप तिथेच बाद. डिस्क दगा देऊ लागलेली असताना, बॅकअपची सर्वाधिक निकड असतानाच हे घडावं, हे फार वाईट.

आताच्या एसएएस जोडणीत प्रत्येक उपकरणाला स्वतःची तार मिळते, त्यामुळे हा जाच बराच कमी झाला. तरी १८ टेराबाइटची एलटीओ-९ टेप सेकंदाला ४०० मेगाबाइटपर्यंत गिळते. एकट्या फिरत्या डिस्कला तेवढा पुरवठा झेपत नाही. म्हणून माहिती आधी एसएसडीवर जमवून मग टेपवर उतरवणं बरं. डिस्कचे संच सांभाळणाऱ्या अनेक रेड (RAID) कार्डांवर तर टेप ड्राइव्ह चालतच नाही. तेव्हा कार्यालयात टेप घेणार असाल, तर तिच्यासाठी वेगळं कार्डही त्याच खरेदीत घ्या.